बाळपणी कर्करोगातून उठलेली मुले आणि एक राहून जाणारी लस

मोठ्या दुखण्यातून मूल उठले म्हणजे घरच्या माणसांस गंगेत घोडे न्हाल्यासारखे वाटते, आणि ते साहजिकच आहे. त्यातून ते दुखणे कर्करोगाचे असेल तर विचारावयासच नको. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून निघून मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचणे, तेथे कधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तर कधी सेंट ज्यूड ह्या संस्थेच्या आश्रयगृहात महिनेच्या महिने काढणे, इकडे शेत वाऱ्यावर सोडणे, आजीपाशी ठेवलेल्या धाकट्या भावंडांची चिंता वाहणे, हे सर्व सोसून आईबाप मूल घेऊन परत येतात. अशा वेळी, आणखी एक सुई टोचून घ्या, असे त्यांस कोणी सांगितले तर त्यांच्या कपाळास आठ्या पडाव्या ह्यात नवल नाही. तथापि ह्या लेखात आम्हांस नेमके हेच सांगावयाचे आहे, आणि ते का सांगावयाचे ह्याची कारणे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेऊन घरी सांगावी अशी आमची इच्छा आहे.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलांस होणारा कर्करोग हा मोठ्या माणसांच्या कर्करोगाहून बहुतेक बाबतींत निराळा असतो. त्यात रक्ताचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. शिवाय मेंदूतील गाठी, लसिकाग्रंथींचे, मूत्रपिंडाचे, डोळ्याचे व हाडांचे कर्करोग असतात. तंबाखू, विडी, दारू ह्यांचा येथे काही संबंध नाही. तो कोणाच्या नजरेने होत नाही, करणीने होत नाही, आणि आईबापांच्या कोणत्याही अपराधाचे ते फळ नव्हे. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर तो जात नाही. म्हणून अशा मुलाशेजारी बाकावर बसण्यास, त्याच्या डब्यातील भाकरी खाण्यास किंवा त्याच्याशी खेळण्यास भिण्याचे कारण नाही. केस गळालेल्या मुलीस वर्गात चिडविणाऱ्या मुलांस आम्ही काय समजतो हे त्या मुलांस ठाऊक आहेच. त्याचा येथे विस्तार नको.

पूर्वी ह्या रोगातून मूल वाचणे दुर्मिळ असे. आज पश्चिमेकडील श्रीमंत देशांत रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वसाधारण प्रकारात दहांपैकी नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आहे, कारण रोग उशिरा ओळखला जातो व उपचार मध्येच सुटतात. तरीही बरी होऊन शाळेत परत येणारी मुले आता वाढत चालली आहेत. पूर्वी जो प्रश्न उद्भवतच नव्हता तो ह्यामुळे पुढे आला आहे. ही मुले वाचली, आता ती तीस, चाळीस, साठ वर्षांची होणार. तेव्हा त्यांच्या पुढील आयुष्याची निगा कशी राखावयाची?

ह्या उपचाराचे स्वरूप थोडे समजून घेऊ. कर्करोगाची औषधे जलद वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. शत्रूच्या पेशी जलद वाढतात म्हणून त्या मरतात. परंतु केसांच्या मुळाशी असलेल्या, आतड्यातील अस्तराच्या व रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेतील पेशीही जलद वाढणाऱ्याच, म्हणून घाव त्यांच्यावरही पडतो. मज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. रक्ताच्या कर्करोगात औषधे दोन अडीच वर्षे चालतात, आणि तितका काळ हे शिपाई थोडे व दुबळे राहतात. औषधे थांबल्यावर त्यांची संख्या पुन्हा भरून येते, परंतु त्यांची जुनी आठवण सर्वच परत येते असे नाही. तान्हेपणी टोचलेल्या गोवराच्या किंवा ब प्रकारच्या काविळीच्या लशीने जी ओळख शरीरास करून दिली होती, ती काही मुलांत पुसट होते, काहींत पार नाहीशी होते. म्हणून उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी जुन्या लशी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा टोचण्याची रीत आहे. ज्या मुलाची मज्जा बदलली असेल त्यास तर बहुतेक सर्व लशी आरंभापासून द्याव्या लागतात.

ह्या जुन्या लशींबरोबर एक नवी लसही येते, आणि हीच नेमकी राहून जाते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एच्. पी. व्ही.ची लस म्हणतात. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नावाचे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांतील कित्येक केवळ हातापायांवर चामखीळ उठवून थांबतात. परंतु काही थोडे प्रकार, विशेषतः सोळावा व अठरावा, हे स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या, म्हणजे आमच्याकडील बाया ज्यास गर्भपिशवीचे तोंड म्हणतात त्या भागाच्या, कर्करोगास कारण होतात. अशा दहा रोगिणींपैकी सुमारे सात जणींचा रोग ह्या दोन प्रकारांपासून झालेला असतो. हा शोध हाराल्ड त्सुर हाउझेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ व १९८४ साली लावला. त्यापूर्वी लोक हा रोग निराळ्याच एका विषाणूमुळे होतो असे मानीत होते, आणि त्सुर हाउझेन ह्यांचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी मनावर घेत नव्हते. २००८ साली त्यांस त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

हा विषाणू हवेतून किंवा पाण्यातून येत नाही. वयात आल्यानंतरच्या निकट शारीरिक संबंधातून तो एका व्यक्तीकडून दुसरीकडे जातो. आणि तो इतका सर्वसामान्य आहे की बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांस आयुष्यात केव्हातरी तो होऊन जातो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. बहुतेकांच्या शरीरातील शिपाई वर्षा दोन वर्षांत त्यास हाकलून देतात. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो त्यांच्यात पंधरा वीस वर्षांनी कर्करोग दिसू लागतो. परंतु प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर हाच काळ पाच ते दहा वर्षांवर येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळपणी कर्करोगाचे उपचार घेतलेल्या मुलामुलींस ह्या विषाणूपासून होणारे कर्करोग पुढे इतरांपेक्षा अधिक होतात, असे अमेरिकेतील नोंदींवरून दिसून आले आहे. एका कर्करोगाशी झुंज देऊन जिंकलेल्या मुलीस वीस वर्षांनी दुसऱ्या, आणि तोही टाळता येण्याजोग्या, कर्करोगाने गाठावे ह्याहून खेदाची गोष्ट कोणती?

आणि हा रोग काही दुर्मिळ नव्हे. २०२२ ह्या एका वर्षात हिंदुस्थानात १ लाख २७ हजारांवर स्त्रियांस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. मरणाऱ्या बहुतेक स्त्रिया संसाराच्या ऐन भरातल्या असतात.

आता लशीविषयी. विषाणूच्या अंगावर प्रथिनाचे एक कवच असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात इयान फ्रेझर व जियान झोऊ ह्या दोघांनी १९९१ साली असे दाखविले की हे कवच प्रयोगशाळेत निराळे तयार करता येते, आणि ते आपोआप जुळून हुबेहूब विषाणूसारखा गोळा बनतो. मात्र आत काहीच नसते. नारळाची करवंटी आहे, खोबरे नाही, असा हा प्रकार. त्या पोकळ कवचाची शरीरास ओळख पटते व खऱ्या शत्रूविरुद्ध तयारी होते; परंतु आत विषाणूचे बीजच नसल्यामुळे ह्या लशीपासून तो रोग होणे शक्य नाही. कर्करोगातून उठलेल्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गोवराच्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो, म्हणून ती अशा मुलांस देताना डॉक्टरांस फार सांभाळावे लागते. ह्या लशीत जिवंत असे काहीच नाही. ती प्रथम २००६ साली अमेरिकेत मान्य झाली. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हावॅक’ नावाची लस तयार केली. तिला जुलै २०२२ मध्ये सरकारी परवानगी मिळाली व जानेवारी २०२३ पासून ती बाजारात आली. मुली व मुलगे दोघांसही ती देण्याची मुभा आहे.

लशीचा गुण कितपत येतो? स्वीडन देशात, ज्याची नावे आमच्या भागातील जुन्या मिशनच्या इतिहासामुळे वडील मंडळींस अपरिचित नाहीत, सोळा लाखांहून अधिक मुली व तरुण स्त्रियांच्या नोंदी २००६ पासून २०१७ पर्यंत पाहण्यात आल्या. वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. स्कॉटलंडात बाराव्या तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ह्या रोगाची एकही रोगीण सापडली नाही. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी लस पोहोचली पाहिजे, हे ह्यातील वर्म होय. म्हणून नऊ ते चौदा हे वय उत्तम. म्हणजे पाचवीपासून नववीपर्यंतच्या आमच्या वर्गांचेच वय.

मग बाळपणी कर्करोग झालेल्या मुलांस ही लस अधिक अगत्याने मिळत असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेरा ते सव्वीस वर्षे वयाच्या अशा मुलामुलींपैकी शेकडा २३.८ जणांनीच लशीस आरंभ केला होता. त्याच वयाच्या इतर लोकांत हे प्रमाण शेकडा ४०.५ होते. कारणे शोधता सर्वांत मोठे कारण निघाले ते असे की, डॉक्टरांनी त्यांस ही लस घ्या असे सांगितलेच नव्हते. कर्करोगाच्या डॉक्टरांस वाटे की ही साधी लस, गावचा डॉक्टर देईल. गावच्या डॉक्टरास वाटे की एवढ्या मोठ्या आजारातून उठलेले मूल, त्यास हात कोण लावणार! दोघांच्या मध्ये मूल राहून गेले. ज्या देशात दर कोसावर दवाखाना आहे तेथे ही स्थिती, तर चांदसैलीचा घाट उतरून तळोद्यास यावे लागते अशा आमच्या मुलुखात काय असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ह्या मुलांस लस मानवते काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतील, व त्यांनी तो विचारलाच पाहिजे. उपचार संपून एक ते पाच वर्षे झालेल्या नऊ ते सव्वीस वर्षांच्या मुलामुलींस तीन मात्रा देऊन अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तात निर्माण झालेले संरक्षण निरोगी मुलांच्या मानाने उणे पडले नाही, व लशीने काही विशेष अपायही झाला नाही. दंड दुखणे, थोडा ताप, क्वचित घेरी एवढेच. घेरीसाठी सुई टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. लशीमुळे गेलेला कर्करोग परत येतो किंवा मुलीस पुढे मूल होत नाही, ह्या गोष्टी बाजारात बोलल्या जातात. त्यांस आधार नाही.

येथे एक बारकावा आहे आणि तो पालकांनी विसरू नये. निरोगी मुलामुलींस आता एक किंवा दोन मात्रा पुरतात असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ठरविले. हे ज्ञान आले कसे, ती कथा आमच्या महाराष्ट्राशीच निगडित आहे. २००९ साली बार्शी, पुणे, मुंबई व देशातील इतर ठिकाणी दोन मात्रा पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी एक मोठा प्रयोग सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये, ज्या कारणाने ते आम्ही पुढे सांगणार आहो, सरकारने लस टोचणे एकाएकी थांबविले. तोपर्यंत १७,७२९ मुलींस लस मिळाली होती, आणि त्यांतील हजारोंची पुढची मात्रा राहून एकच झाली होती. संशोधकांनी निराश न होता त्या सर्व मुलींकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २०२१ साली असे दिसून आले की एक मात्रा घेतलेल्या मुलीही दोन किंवा तीन मात्रा घेतलेल्यांइतक्याच, सुमारे ९५ टक्के, सुरक्षित राहिल्या. ठेच लागली आणि ठेव सापडली, असा हा योग.

परंतु ह्या मुली निरोगी होत्या. ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी आहे किंवा होती, त्यांस एकीवर सोडू नये. निदान दोन, आणि शक्य तर तीन मात्रा द्याव्या, असे तीच संघटना सांगते, आणि बाळपणी कर्करोग झालेल्यांची निगा पाहणारे तज्ज्ञही तीनच सांगतात: पहिली, तिच्यानंतर दोन महिन्यांनी दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी. म्हणून शाळेत किंवा आरोग्य केंद्रात सर्व मुलींस एकच मात्रा दिली जात असेल, तर अशा मुलीच्या पालकांनी पुढे होऊन, आमच्या मुलीस पूर्वी अमुक आजार होता, असे सांगितले पाहिजे. न सांगितल्यास परिचारिकेस ते कळण्याचा मार्ग नाही. आजार लपविण्याकडे आमच्या लोकांचा कल असतो, कारण पुढे मुलीच्या लग्नाचा प्रश्न. पण निदान डॉक्टरापाशी ही लपवाछपवी करू नये.

आता ती २०१० सालची हकीकत. एका परदेशी संस्थेच्या सहकार्याने त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात ही लस हजारो मुलींस टोचण्यात आली. वडोदऱ्याच्या डभोई, कवाँट व शिनोर ह्या भागांत हे काम झाले. कवाँट हा आदिवासी मुलूख. नर्मदेपलीकडे, आमच्या जिल्ह्यापासून फार दूर नाही. पुढे लस घेतलेल्यांपैकी सात मुली मरण पावल्याचे प्रसिद्ध झाले व मोठा गहजब उडाला. चौकशीत असे आढळले की एक मुलगी पाण्यात बुडाली होती, एकीस सर्पदंश झाला होता, दोघींनी विष घेतले होते, एकीस हिवताप होता. लशीशी ह्या मृत्यूंचा संबंध असल्याचे दिसून आले नाही. तेवढ्यावरून कोणी म्हणेल की गहजब व्यर्थ होता. आम्ही तसे म्हणणार नाही. कारण त्याच चौकशीत दुसरीही एक गोष्ट उघड झाली. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांच्या नव्हे, तर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. मुली आश्रमशाळांत होत्या, आईबाप दूर गावी होते; त्यांस विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली ह्यावर कडक ताशेरे झाडले, आणि आमच्या मते ते योग्यच होते.

आम्ही शिक्षक आहो, म्हणून हा प्रसंग आम्हांस विशेष लागतो. आमच्या जिल्ह्यात आश्रमशाळा व वसतिगृहे पुष्कळ. मूल आमच्या छपराखाली राहते, आमच्या पंगतीस जेवते, एवढ्याने त्याच्या देहावर सही करण्याचा अधिकार आमच्याकडे येत नाही. लस चांगली असणे निराळे आणि ती चांगल्या रीतीने देणे निराळे. खम्मम व वडोदरा येथे पालकांस विचारण्यात काही दिवस वाचविले, आणि त्यापायी देशभर लोकांच्या मनात कित्येक वर्षे किंतु बसला. त्या मधल्या वर्षांत ज्या मुली लशीचे वय ओलांडून गेल्या त्यांचा हिशेब कोणत्याच समितीने केलेला नाही.

म्हणून आरोग्यशिक्षण हे लशीआधी आले पाहिजे. पण शिक्षण म्हणजे भिंतीवर कागद चिकटविणे नव्हे. आमच्या जिल्ह्यात घरोघरी पावरी, भिली, मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती बोलली जाते. छापील पत्रकातील मराठी ही पुष्कळ आयांस परभाषाच होय. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द आम्ही वर लिहिला खरा, पण तो शब्द ऐकून धडगावच्या बाजारात एकही बाई थांबणार नाही. येथे विद्यार्थ्यांचा उपयोग आहे. जी मुलगी दिवसा मराठीतून शास्त्र शिकते व रात्री चुलीपाशी आईशी पावरीत बोलते, तिच्याइतका चांगला दुभाषी सरकारासही मिळणार नाही. करवंटी आणि खोबऱ्याचा दृष्टांत तिने आपल्या बोलीत सांगावा; आई तो आमच्यापेक्षा लवकर समजेल. लशीस भिणे ही काही आमच्याच लोकांची खोड नव्हे. १८०२ साली मुंबईस ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातील पहिली. तिच्या दंडावरील फोडातून लस काढून इतर मुलांस दिली गेली. त्यानंतरही कित्येक पिढ्या लोक टोचणाऱ्यास पाहून मुले लपवीत असत. देवी गेल्या त्या ह्याच लपणाऱ्यांची समजूत घालून.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी झाली की पाड्यापाड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत बारडोलीकडे निघतात, ती कित्येकदा होळीच्या सुमारास परततात. जून महिन्यात शाळा उघडल्यावर पहिली मात्रा दिली तर दुसरी ऑगस्टात बसते, पण तिसरी येते डिसेंबरात. तेव्हा घरास कुलूप असते. अशा वेळी पालकांस वाटते की वेळ टळली, आता सगळे वाया गेले. तसे नाही. मात्रेस उशीर झाला तरी पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. राहिलेली मात्रा होळीस परत आल्यावर घेतली तरी चालते. मात्र लशीचे कार्ड सांभाळले पाहिजे. आमच्या मते ते कार्ड घराच्या आढ्यास न खोचता मुलीच्या शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवावे, आणि वर्गशिक्षकांनी त्याच्या तारखा आपल्या वहीत उतरून घ्याव्या. ह्यास पैसा लागत नाही.

मुलग्यांविषयी दोन शब्द. हा विषाणू पुरुषांसही होतो, त्यांच्यात घशाचे व गुदद्वाराचे कर्करोग निर्माण करतो, व त्यांच्याकडून तो स्त्रियांस पोहोचतो. सर्वसाधारण मुलग्यांस लस देणे हे देशादेशांच्या ऐपतीवर अवलंबून आहे. परंतु बाळपणी कर्करोगातून उठलेल्या मुलग्यास ती देणे हिताचे, असे तज्ज्ञ सांगतात. खाजगी दवाखान्यात लस विकत घ्यावी लागते व तो खर्च गरिबास जड आहे, हे आम्ही जाणतो. सरकारी केंद्रात कोणत्या वयास व कोणास ती फुकट मिळते हे वेळोवेळी बदलत असते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंस विचारावे.

लस घेतली म्हणजे पुढची तपासणी सुटली असेही नाही, कारण लशीत सर्वच प्रकारच्या विषाणूंचा बंदोबस्त नसतो. आणि ज्या आयांचे लशीचे वय निघून गेले त्यांस तर तपासणी हाच मार्ग. ह्या बाबतीत महाराष्ट्राने जगास धडा घालून दिला आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या व टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचे चार गट पाडून निरनिराळ्या तपासण्या केल्या. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या गटात विषाणूची तपासणी एकदाच केली होती तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया मेल्या. ज्या गटात नेहमीचीच व्यवस्था होती तेथे ६४. मुंबईच्या झोपडवस्त्यांत तर त्याहून साधी युक्ती केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस काही आठवडे शिकवून तयार केले, आणि त्यांनी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यात असते तेच, लावून पांढरा डाग उमटतो की काय हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले. त्याने ह्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आमच्या दहावीतील मुलींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

ज्यांच्या घरी असे बरे झालेले मूल आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोनचार गोष्टी लिहून आम्ही हा लेख पुरा करतो. उपचार चालू असताना ही लस सहसा देत नाहीत; उपचार संपल्यानंतर सामान्यतः सहा महिन्यांनी, किंवा ज्या डॉक्टरांनी उपचार केला ते सांगतील तेव्हा, ती द्यावयाची. रुग्णालयातून घरी येताना जी कागदांची थैली मिळते तिच्यात कोणती औषधे दिली, किरणोपचार झाला की नाही, मज्जा बदलली की नाही, हे सर्व लिहिलेले असते. ती थैली पावसात भिजू देऊ नये, आणि गावच्या डॉक्टरांकडे जाताना ती दाखविल्यावाचून लस मागू नये. टाटा रुग्णालयात १९९१ सालापासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी निराळा बाह्यरुग्ण विभाग आहे; तेथे केवळ जुना रोग परतला काय एवढेच न पाहता हृदय, वाढ, शाळेतील प्रगती ह्यांचीही विचारपूस होते. पुष्कळ पालक पहिली काही वर्षे जातात आणि मूल धष्टपुष्ट दिसू लागले की प्रवासखर्चास भिऊन जाणे सोडतात. यंदा जे जाणार असतील त्यांनी लशीचा प्रश्न कागदावर मुलाच्याच हातून लिहून न्यावा, कारण तेथील गर्दीत नंबर लागेपर्यंत अर्ध्या गोष्टी विसरतात. आणि डॉक्टरांचे उत्तर त्याच कागदावर लिहून घेऊन तो परत आल्यावर वर्गशिक्षकांस दाखवावा.